मारुतराव वर गेले

नॉर्डाविया नावाचा देश कुठं आहे हे चऱ्होलीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर लक्ष्मणराव दुभाष्यालाही नकाशावर बोट ठेवून तो दाखवता आला नसता. त्या देशाच्या सरकारचं एक व्योम आणि विमान संशोधन मंडळ होतं, आणि छप्पन सालच्या थंडीत त्या मंडळानं गावाबाहेरच्या माळावर तंबू ठोकले. गावानं पहिल्याच आठवड्यात देशाचं नाव नारदवाडी करून टाकलं. आभाळात ये-जा करणाऱ्यांचं गाव नारदाच्या नावाचं नसेल तर कुणाच्या असेल?

मंडळाचं काम सांगायला सोपं आणि पटायला अवघड होतं. आभाळातून अष्टौप्रहर काही किरण पृथ्वीवर पडत असतात. ते कुणाला दिसत नाहीत, कुणाला लागत नाहीत. ते मोजायचे. थंड मुलखात ते एका तऱ्हेनं पडतात आणि आपल्याकडं दुसऱ्या, म्हणून ही मंडळी समुद्र ओलांडून आली होती. मोजायचे ते उंचावर जाऊन, विमानं उडतात त्याच्याही पुष्कळ उंच. त्यासाठी देवळाच्या कळसाला मागं टाकील असा एक फुगा, आणि त्याच्याखाली टांगायला पत्र्याचा गोल डबा, दोन खिडक्यांचा, आत दोन माणसं बसतील एवढा. गाव त्याला पाळणा म्हणे. न दिसणारी वस्तू मोजायला एवढा खटाटोप करणाऱ्यांची गावाला थोडी कीवच यायची.

मारुतराव तिथं राखणीला आणि उचलाउचलीला लागले होते. त्याआधी ते पिंपरीला, पेनिसिलिनच्या कारखान्याच्या बांधकामावर जाऊन आले होते; तिथं मुकादमाशी पटलं नाही. शेतीत भावाशी, म्हणजे सोपानरावांशी, पटत नव्हतं. माणूस वाईट नव्हता. त्यांचं एकच दुःख होतं, की त्यांचं कुणी ऐकत नसे. पारावर ते बोलायला लागले की लोकांना एकदम आपापल्या गुरांची आठवण व्हायची.

त्यांच्या बायकोला, सुभद्रेला, मात्र हा माणूस हवा होता. मूलबाळ नव्हतं, त्यामुळं सगळा जीव एका ठिकाणी गोळा झाला होता. मारुतराव चाकणच्या बाजाराला गेले आणि दिवेलागणीपर्यंत परतले नाहीत, तर तिच्या पोटात खड्डा पडायचा. ती दारात उभी राहून वाटेकडं डोळे लावायची, आणि ते आले की उशीर का झाला म्हणून त्यांच्यावरच तोंड टाकायची. सासू गोजाबाई हसायच्या.

"एवढा काय जीव टांगतीस त्याच्यावर? त्याला कोन न्हेतंय?"

नारदवाडीनं नेलं. ते असं झालं: पाळण्यातून मंडळाचे डॉक्टर वेल्मार आणि त्यांचा मदतनीस असे दोघे जायचे होते. फुगा भरायला काढला त्याच दिवशी मदतनीस काविळीनं पिवळा होऊन अंथरुणाला खिळला. दोन्ही बाजूंना सारखं वजन नसेल तर पाळणा कलतो आणि यंत्रं खोटं बोलू लागतात. वाळूचं पोतं ठेवता आलं असतं, पण पोत्याला सांगितल्यावर हँडल फिरवता येत नाही. तेव्हा छावणीतला एकेक माणूस काट्यावर उभा करून पाहिला, आणि मारुतरावांचं वजन मदतनिसाच्या वजनाला बरोबर आलं. अक्कल, वय, शिक्षण कुणी विचारलं नाही. नॉर्डावियाच्या सरकारला माणूस नको होता, भार हवा होता. मारुतरावांना हे समजलं नाही असं नाही, पण एवढ्या लोकांतून आपण निवडले गेलो हेच त्यांना पुष्कळ झालं. ते डब्यात शिरले, झाकण लागलं आणि दोर सुटले.

आता घरी कळवायला हवं, हे लक्ष्मणरावांच्या लक्षात आलं. लक्ष्मणराव पुण्याचे, शनिवार पेठेतले. परदेशी भाषा त्यांना चोख येत होती. छावणीला भाजी पुरवणारी छबूबाई तेवढ्यात वांग्यांची पाटी रिकामी करत होती. ती सुभद्रेची शेजारीण. लक्ष्मणरावांनी तिला हाक मारली आणि अतिशय सभ्यपणानं सांगितलं, "बाई, मारुतरावांच्या घरी निरोप द्या. म्हणावं, मारुतराव आत्ताच वर गेले. आज काही त्यांना खाली आणता यायचं नाही. घाबरू नका म्हणावं, पुढचं सगळं मंडळ पाहील."

छबूबाईनं पाटी तिथंच टाकली आणि ती बोंब मारत गावाकडं धावली. तिला दोष देण्यात अर्थ नाही. आमच्याकडं धडधाकट माणूस जिना चढून माडीवर गेला तरी बायका "वरच्या खोलीत गेले" असं जपून म्हणतात. नुसतं "वर गेले" म्हटलं, की त्यातून परत यायची वाट नसते.

सुभद्रा अंगणात तुरी बडवत होती. छबूबाईनं फाटकातूनच हंबरडा फोडला, "सुभद्रे, तुजा धनी वर गेला गं!" पुढचं सगळं इतक्या झटपट झालं की सुभद्रेला हातातला दांडका खाली ठेवायला सवड मिळाली नाही. आळीतल्या बायका जमल्या. गोजाबाई स्वतः ऊर बडवून घेत होत्या, तरी रीत त्यांनीच केली. सुनेचं कुंकू पुसलं, मनगट जात्यावर धरून दगडानं बांगड्या फोडल्या. एक काच आत शिरली आणि रक्त आलं. सुभद्रेला रडू फुटलं नाही.

इकडं सोपानराव भावाला आणायला चार माणसं आणि तिरडीचे बांबू घेऊन माळावर गेले. लक्ष्मणराव बांबू बघून चक्रावले.

"हे कशाला?"

"भावाला न्याया आलोय. कुटं ठिवलाय?"

"अहो, ठेवलाय कुठला? ते वर गेलेत."

"त्ये कळलंय आमाला. मयत कुटं हाय, त्येवढं सांगा."

"मयत?" लक्ष्मणरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, मेले नाहीत हो, वर गेलेत! वर!" आणि त्यांनी बोटानं दाखवलं.

स्वच्छ निळ्या आभाळात, पार उंच, रांगोळीच्या शिरगोळ्याच्या खड्याएवढं पांढरं काहीतरी चमकत होतं. खांद्यावरचे बांबू तसेच धरून ती पाच माणसं किती तरी वेळ माना वर करून उभी राहिली. मग सोपानराव खाली बसले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

त्या संध्याकाळी आळी हसून हसून बेजार झाली. छबूबाई तोंड लपवून बसली होती, तिला घरातून ओढून आणली. आळंदीहून कासार बोलावला आणि छबूबाईनं सुभद्रेचा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरायला लावल्या. जखमेवर हळद लावली होती, तिच्यावरून बांगडी सरकताना सुभद्रा कळवळली आणि तरीही हसली. नवरा आल्यावर त्यांना काय काय बोलायचं, ते ती मनातल्या मनात घोळवत होती.

पण मारुतराव आले नाहीत. वरच्या वाऱ्यानं फुगा पूर्वेला ओढून नेला, बिनतारी यंत्र मुकं झालं. दुसऱ्या दिवशी काही कळलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मंडळाचा मुख्य माणूस विमान घेऊन शोधायला गेला. अखेर पंढरपूरच्या अलीकडं भीमेच्या एका डोहात फुग्याची फाटकी कातडी तरंगताना सापडली. डबा नव्हता. एवढा जड डबा, तो तळाशी गेला असणार. छावणीवरचं नारदवाडीचं निशाण अर्ध्यावर उतरलं, आणि लक्ष्मणराव या खेपेला स्वतः आले. काय शब्द वापरायचा हे त्यांना कळत नव्हतं. ते दारात टोपी काढून नुसते उभे राहिले.

बायका पुन्हा जमल्या. सुभद्रेनं कुणाला काही बोलायला लावलं नाही. आपले दोन्ही हात तिनंच जात्यावर ठेवले.

मग मात्र ती रडली. पहिल्या खेपेला जे रडू राहून गेलं होतं तेही आलं. ती दिवसा रडली, दळताना रडली, विहिरीवर घागर बुडताना रडली. ज्या पाण्यात ते गेले ते किती गार असेल, हे आठवून तिचे दात वाजायचे. थेरगावचा भाऊ उद्धवराव न्यायला आला, तर ती उठली नाही. देह मिळाला नव्हता म्हणून दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. इंद्रायणीच्या काठी दहावा झाला. पिंडाला कावळा बसता बसता शिवला, म्हणजे मारुतरावांची काही इच्छा मागं राहिलेली नाही, असं सगळ्यांनी मानलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, हे पुढं कळलं.

तेराव्याची पहिली पंगत बसली असताना मारुतराव फाटकातून आत आले. अंगात कातड्याचा परदेशी कोट, गळ्यात सुकलेल्या झेंडूच्या माळा, चेहरा तुकतुकीत. ती पंगत ताटावरून उठून पळाली. छबूबाई तर गोठ्याच्या मागं जाऊन बेशुद्ध पडली. सुभद्रा घरातून बाहेर आली, त्यांना बघितलं, आणि खांबाला धरून खाली बसली. ती हसली नाही, ओरडली नाही. उशीर का झाला, हेसुद्धा तिनं विचारलं नाही.

आता प्रश्न असा, की माणूस जिवंत असला तरी त्याचं क्रियाकर्म झालेलं. आळंदीच्या गुरुजींनी पोथी काढली. ज्याचे अंत्यविधी झाले तो परत आला तर त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागतो. नाव पुन्हा ठेवायचं, आणि बायको असेल तर तिच्याशी पुन्हा लग्न लावायचं. तोवर तो घराला परका. त्यातून पौष चालू होता आणि पौषात लग्न लागत नाही. माघ उजाडेपर्यंत मारुतरावांनी स्वतःच्या गोठ्यात राहावं, असं ठरलं.

मारुतरावांची काही तक्रार नव्हती. गोठ्यापुढं माणसं मावत नव्हती. चिंबळीहून, मोशीहून, पार चाकणहून लोक यायचे. ते बोलायला लागले की आता कुणाला गुरं आठवत नव्हती. वर आभाळ काळं असतं आणि दिवसा चांदण्या दिसतात, असं ते सांगायचे. पृथ्वीची कड वाकडी दिसते, असं सांगायचे. हे खरं होतं. इंद्र कुठं राहतो ते दुरून दिसलं, असं पाचव्या-सहाव्या दिवसापासून सांगू लागले. हे तितकंसं खरं नसावं.

सुभद्रा चुलीपुढं भाकऱ्या थापताना ऐकायची. घरात आणि गोठ्यात एक भिंत होती. एका सकाळी कुणीतरी विचारलं, "मंग डोहात किती येळ व्हता, मारुतराव?"

"कसला डोह? फुगा निराळा उडाला, डबा निराळा. आमचा डबा हवाई छत्रीवरनं ज्वारीत पडला, बार्शीकडं. साहेबाचा पाय मोडला. दुसऱ्या दिशी सकाळच्या पारीच उतरलो की आमी."

सुभद्रेचा हात परातीत थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. त्या फुटल्या त्या नंतर.

दुपारी माणसं पांगल्यावर ती भाकरी घेऊन गोठ्यात गेली आणि रिवाजाप्रमाणं लांबूनच पुढं सरकवली.

"आवं, उतरल्यावर तार न्हाई केली?"

मारुतराव भाकरी मोडत होते. ते थांबले. "साहेब म्हनला व्हता. शुद्ध हरपायच्या आदी त्यो त्येवढंच बोलला. तार, तार करत व्हता. मंग त्याला दवाखान्यात न्हेला, धा-बारा दिस तापातच व्हता."

"बार्शीला तारघर न्हाई?"

"हाय की. करनारच व्हतो. आज करू, उद्या करू." त्यांनी मान खाली घातली. "सुभद्रे, लोक गाड्या जोडून येत व्हते गं, मला बघाया. पाटलानं मला लोडाला टेकून बसवलं. वाजत गाजत मिरवलं. तार केली असती तर तुमी लोक न्याया आला असता. हितं आलो की मी पुन्यांदा मारुतीच."

"माजी आठवन झाली?"

"झाली की," ते म्हणाले. मग हातातला तुकडा खाली ठेवला. खोटं बोलणं त्यांना इंद्राबाबत जमलं होतं, तिच्याबाबत जमेना. "न्हाई. तवा न्हाई झाली."

सुभद्रेला राग यायला हवा होता. तिनं वाट पाहिली, पण तो आला नाही, कारण त्यांचं म्हणणं तिला सगळं समजलं होतं. सबंध जन्म पारावर एकटं बोलणाऱ्या माणसाला कुणी लोडाला टेकून बसवलं, तर त्यानं काय करावं? तिनं रिकामा तांब्या उचलला आणि ती घरात गेली. आपल्याला पुन्हा यांची बायको होता येईल का, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. होईल, असं तिला वाटलं. कुंकू लागलं, बांगड्या भरल्या, घरात वावर सुरू झाला, की जीव आपोआप जागेवर येईल. गुरांना दावं बदललं तरी चार दिवसांत सवय होते.

माघात मारुतरावांचा जन्म झाला. आळीतल्या बायकांनी त्या अडदांड माणसाला मधे बसवून पाळणे म्हटले. गोजाबाईंनी लेकाच्या कानात पुन्हा मारुती हेच नाव सांगितलं, कारण दुसरं त्यांना सुचेना. लगेच मागोमाग लग्न. उद्धवरावानं बहिणीचा हात पुन्हा एकवार त्याच माणसाच्या हातात दिला. अंतरपाट धरला तेव्हा पाहुणे हसू दाबत होते. सुभद्रा अंतरपाटाआड उभी राहून मनाला सांगत होती, आता आठव, आता आठव. अक्षता पडल्या. पंगतीला छबूबाईनं वाढलं, आणि या खेपेला सगळ्यांनी पोटभर जेवून घेतलं. असं लग्न पंचक्रोशीत झालं नव्हतं, यावर एकमत झालं.

संसार सुरू झाला. मारुतराव शहाण्यासारखे वागत होते. आळंदीला गेले तर लवकर यायचे, येताना तिच्यासाठी काहीबाही आणायचे. सुभद्रा जेवायला वाढायची, हसून बोलायची. कुणालाही काही खटकलं नसतं. तिला खटकत होतं. ते बाजाराहून कधी उशिरा आले तरी तिचं दळण चुकत नव्हतं.

फाल्गुन लागला आणि लक्ष्मणराव घरी आले. डॉक्टर वेल्मार काठी टेकत का होईना उभे राहिले होते. मंडळानं दुसरा फुगा मागवला होता. या खेपेला आणखी उंच जायचं होतं, आणि साहेबांनी मारुतरावांचंच नाव घेतलं होतं. आता ते अनुभवी मानले जात होते. लक्ष्मणराव सगळं अगदी सावधपणे, एकेक शब्द तोलून बोलले.

"घरात इचारून सांगतो," मारुतराव म्हणाले.

लक्ष्मणराव गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. सुभद्रा पीठ मळत होती.

"बोलावलंय," ते म्हणाले. "ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं की."

"आनखी उंच जायाचं म्हनं. मागच्या खेपेपरीस धोका जास्ती." ते चौकटीला धरून उभे होते. "जाऊ का?"

तिनं मान वर करून पाहिलं. त्यांच्या तोंडावर आभाळात जायची हौस होती, पण त्या हौसेहून मोठं काहीतरी होतं. हा माणूस थांबवला जायची वाट बघत होता. तिनं तोंड टाकावं, पिठाच्या हातानं पदर डोळ्यांना लावावा, "माजं मढं बघाल" म्हणावं, मग त्यांनी कुरकुर करत राहावं आणि आत कुठंतरी सुखावावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि तिलाही ते द्यायचं होतं. तिनं अगदी मनापासून घाबरून बघितलं. फुगा फाटतोय, डबा डोहात चाललाय, पाणी गार आहे, असं एकेक डोळ्यांपुढं आणलं. पोटात काही हललं नाही. त्या पाण्यासाठी, त्या गारठ्यासाठी तिचं सगळं रडून झालं होतं. जो माणूस डोहात गेला त्याच्यासाठी तिच्याजवळ होतं नव्हतं तेवढं तिनं दिलं होतं. या माणसासाठी मागं काही उरलं नव्हतं. तिला फार वाईट वाटलं, आणि ते स्वतःसाठी वाटलं की त्यांच्यासाठी, हे तिला उमजलं नाही.

"जा की," ती म्हणाली. "भाकरी बांधून दिऊ का?"

मारुतराव उंबऱ्यावर बसले, अंगातल्या परदेशी कोटाची बटणं एकेक करून काढली. शेवटचं बटण काढून म्हणाले, "न्हाई जात मी."

"बरं," सुभद्रा म्हणाली, आणि पुन्हा पीठ मळू लागली.

तिनं ते रागानं म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पण ती रागावलेली नव्हती. ते गेले काय आणि राहिले काय, तिला सारखंच होतं, आणि उंबऱ्यावर बसल्या बसल्या ते मारुतरावांना कळलं.